नाकाची साक्ष

रात्रीचे तीन. पिरेअसच्या चौथ्या मजल्यावर
चमचाभर बडीशेप उकळते आहे.
एवान्थिया कोमट करून पिईल,
दुधातून ती बाळाच्या पोटात उतरेल
आणि मुरडा सैल होईल, असं म्हणतात.
मी झाकण उचलून वास घेतो.
पुन्हा घेतो.
एकदाच घेतलेल्या वासावर माझा विश्वास नाही.

सात वर्षांचा होतो तेव्हा
मी एका बाईचं नाक होतो.

आर्जिरो. क्रीटच्या दक्षिणेला आमचं गाव,
मागे दगडी बांध, बांधाबांधावर रानबडीशेप.
आमच्या भाषेत माराथो.
मॅरेथॉन, ज्याच्या नावाने जग धापा टाकत पळतं,
ते मुळात बडीशेपेचं रान, असं शाळेत कळलं.
आर्जिरोला सांगितलं तर म्हणाली,
पळतात कशाला? वाकावं आणि खुडावं.

साठ वर्षं ती खुडत होती.
पातळ पोळीत कोवळा पाला कोंबून तव्यावर,
माकलीच्या कालवणात हिरव्या ऑलिव्हसोबत,
चुरचुरणाऱ्या डोळ्यांवर गार काढ्याची पट्टी,
दूध न येणाऱ्या बाळंतिणीच्या उशाशी पेला.
आणि जेवण अंगावर आलेल्या पाद्रीबाबांना मूठभर बिया:
चघळा, म्हणायची, उपासाचं उद्या बोलू.

मग एका हिवाळ्यात तापाने तिचं नाक नेलं.
कॉफी गेली. साबण गेला. नवऱ्याचा कोट गेला,
खुंटीला होता तसाच, पण गेला.

बडीशेपेच्या शेजारी उगवतं दुसरं एक झाड,
तशीच उंची, तसाच छत्रीसारखा फुलोरा.
देठावर जांभळे ठिपके,
चुरगळलं तर उंदराच्या मुताचा वास.
एक जुडी पुरते.
माणूस पायांकडून गार होत जातो.
तिची नजर आता ठिपक्यांपर्यंत पोचत नव्हती.

म्हणून मी.
ती पाला चुरगळून बोटं माझ्या नाकाशी धरायची.
बोल, लेफ्तेरी.
माराथो.
की जुडी टोपलीत.
मजुरी एक गरम पोळी, कडा करपलेली.

मार्चमध्ये एकदा मला पडसं झालं.
बोटं आली नाकाशी. काहीच नाही,
भिंत हुंगावी तसं.
मी पोळीचा विचार केला
आणि म्हणालो, बाराथो.

तिचा हात हवेतच राहिला.
मग तिने टोपली उपडी केली,
सकाळपासूनची सगळी.
ज्या नाकातून म निघत नाही, म्हणाली,
त्याच्या भरवशावर मी गाव जेवू घालू?

त्या रात्री पोळीत नुसता कांदा.
आणि माझ्यापुढे उकळतं पातेलं, गेल्या वर्षीच्या बिया,
डोक्यावरून घोंगडी.
खोटं बोललेल्या नाकालाच तिने आधी बरं केलं.
अंधारात नुसती गरम वाफ, बराच वेळ,
मग तिच्यातून हळूच तो.
आला का? ती बाहेरून.
आला.
कसा आहे?
मी शब्द शोधत राहिलो.
गोड, म्हणालो. हिरवा. तुझ्या ॲप्रनसारखा.
घोंगडीबाहेर कितीतरी वेळ
कुणीच नव्हतं असं वाटलं.

जूनमध्ये चोरून त्या बांधावर गेलो.
बडीशेप पिवळी फुलते, दुसरं ते पांढरं.
सगळा उतार पिवळा,
फक्त आम्ही उभे होतो तिथे दोन्ही रंग
एकमेकांत पाय अडकवून डोलत होते.
मी कुणालाच सांगितलं नाही.

झालं का, एवान्थिया हाक मारते.
बाळ रडून रडून लाल झालंय.
थांब, म्हणतो मी,
आणि पातेल्यावर वाकून, हळू आवाजात,
माराथो.
म नीट निघतो.
पेला भरतो.